निखाड्यांचा खोल समुद्र

शामसुंदर निखाड्यांनी समुद्र कधी पाहिला नव्हता. जन्म भंडाऱ्याकडचा, नोकरी भिलाईच्या पोलाद कारखान्यातली. मोठं पाणी म्हणून त्यांनी पाहिलेलं म्हणजे एक वैनगंगा आणि दुसरा मरोदा टँक. तरी पंच्याऐंशी साली साऱ्या भिलाईत, पार दुर्गच्या पद्मनाभपुरापर्यंत, खोल समुद्रातले मासे अंधारात कसे बघतात हे कुणाला विचारायचं झालं असतं, तर याच माणसाचं दार वाजवावं लागलं असतं. अडचण एवढीच होती की कुणी विचारत नव्हतं, आणि विचारल्याशिवाय बोलणं निखाड्यांच्या रक्तात नव्हतं.

त्यांचं काम प्लांटातल्या डार्क रूममधलं. फाउंड्रीत ओतलेल्या मोठाल्या लोखंडी भागांचे एक्स-रे निघत, पोटात कुठे भेग किंवा हवेचा फुगा राहिलाय का ते बघायला. त्या फिल्म धुवायच्या निखाड्यांनी. खोली चार पावलांची, भिंती काळ्या, खिडकीचं नाव नाही, आणि कोपऱ्यात एक मंद लाल दिवा. त्या फिल्मला लाल उजेड कळत नाही, म्हणून तेवढा एक दिवा चालतो. दुसरा कुठलाही उजेड चुकून शिरला की फिल्म काळीठिक्कर पडते आणि पुन्हा पहिल्यापासून सगळा खटाटोप. म्हणून दाराला आतून कडी आणि बाहेरून पाटी.

बाहेरच्या झगझगाटातून आत गेल्यावर निखाडे कशालाही हात लावत नसत. आधी स्टुलावर बसायचे, चांगली दहा मिनिटं. पहिल्यांदा काहीच दिसत नाही. मग सिंकची कड दिसते, मग चिमटे, मग घड्याळाचे काटे. डोळ्यांना त्यांचा वेळ दिला की डोळे देणं फेडतात, असं त्यांचं म्हणणं. नवीन आलेल्या साहेबांना वाटायचं, हा आत जाऊन झोपतो. मे महिन्यात भिलाईत थंडगार काळी खोली मिळाली तर कुणीही झोपेल, आणि एखाद्या वेळी निखाडेही पेंगले असतील. पण एकवीस वर्षांत त्यांच्या हातून एक फिल्म खराब झाली नव्हती, हेही सांगितलं पाहिजे. भट्टीवरची माणसं घामानं निथळत घरी जात आणि निखाडे सकाळच्याच इस्त्रीत परत येत. या नोकरीवर त्यांचं मनापासून प्रेम होतं.

मासे त्यांना भेटले ते टेक्निकल लायब्ररीत. वेल्डिंगवरचं काहीतरी शोधताना बांधून ठेवलेल्या इंग्रजी मासिकांचा गठ्ठा हाती आला आणि मधलंच एक पान उघडलं. पानावर एक बोटभर मासा होता, आणि त्याचे डोळे दुर्बिणीच्या नळकांड्यांसारखे डोक्यातून थेट वर निघाले होते. निखाडे उभ्या उभ्या तो लेख वाचायला लागले. अर्धा कळला, अर्धा नाही. दुसऱ्या दिवशी ते शब्दकोश घेऊन गेले. हजार मीटर खाली सूर्य पोचत नाही आणि तिथेही कुणीतरी डोळे उघडे ठेवून काम करून राहिलंय, हे वाचल्यावर त्यांना परक्या मुलखात आपल्या गावचा माणूस भेटल्यासारखं झालं. त्यानंतर अकरा वर्षं मिळेल तिथून मिळेल ते वाचून त्यांनी दोनशे पानी वही भरली.

विजयाबाईंना, म्हणजे त्यांच्या मंडळींना, या वहीबद्दल इतकंच माहीत होतं की ती रद्दीत द्यायची नाही. घरात मरळ आली की नवरा आधी तिचे डोळे उलटसुलट करून बघत बसतो, हेही त्यांना माहीत होतं. अशा वेळी त्या विळीवर खोळंबून म्हणत, "सांगा बाप्पा, भाजी करू का हिले चष्मा लावू?" निखाडे हसत आणि मासोळी परत देत. बोलणं तिथंच संपायचं.

आता सेक्टरातल्या, म्हणजे प्लांटच्या वसाहतीतल्या, मराठी मंडळाचा एक रिवाज होता. गणपतीच्या दहा दिवसांत प्रत्येक घरानं एक कार्यक्रम द्यायचा. कुणाच्या घरून गाणं, कुणाच्या घरून नकला, कुणी नुसतं रामायणातलं काहीतरी सांगायचं. पण घराचं नाव फळ्यावर लागलं पाहिजे. निखाड्यांच्या घरून इतकी वर्षं केळी जात. एकदाच, एक्याऐंशी साली, त्यांना आभार मानायला उभं केलं होतं. ते उठले, समोर दीडशे डोळे आपल्याकडे लागलेले बघितले, एक मिनिटभर तसेच उभे राहिले आणि बसले. पाहुण्यांनी बिचाऱ्यांनी स्वतःच स्वतःचे आभार मानल्यासारखं करून वेळ मारून नेली. ते मिनिट विजयाबाई चार वर्षं हळदीकुंकवात ऐकत होत्या.

त्या वर्षी गणपती बसायच्या आधी एका संध्याकाळी त्या घरी आल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "मी नाव देऊन आली."

"कोणाचं?"

"तुमचं. रविवारी चार वाजता. विषय तुम्ही सांगान तो."

निखाड्यांच्या हातातला पेपर खाली आला. "अवं, मले बोलता येत नाही, तुले माहीत आहे नं."

"सगळ्यांच्या घरून काही ना काही होते. आपल्या घरून केळी जाते."

"मग यंदा बी केळी देऊ. चार डझन देऊ."

विजयाबाई हसल्या नाहीत. त्या समोरच्या खुर्चीवर बसल्या. "अंजनाबाई सगळ्या बायांसमोर मले विचारे, तुमचे मिस्टर घरी तरी बोलतात का? मी म्हटलं, बोलतात. चांगले बोलतात. एकदा आयकून पाहा म्हटलं. आता मले खाली नका पाहायले लावू."

अंजनाबाई म्हणजे मंडळाचे अध्यक्ष मारोतराव यांच्या पत्नी. त्यांच्यापुढे शब्द टाकला म्हणजे तो सबंध सेक्टरापुढे टाकल्यासारखाच. निखाड्यांना त्या रात्री जेवण गेलं नाही. भाषणाची भीती तर होतीच, पण त्याहून जास्त त्यांना बायकोची मान खाली जायची भीती वाटत होती. विषय एकच होता, दुसरा आणणार कुठून?

त्यांनी भाषण लिहिलं, चौदा पानं. 'प्रकाशाच्या अभावी मत्स्यांच्या नेत्ररचनेत घडून येणारे बदल' अशी सुरुवात केली, कारण भाषण असंच असतं अशी त्यांची समजूत. शेवटी एक प्रयोग ठेवला. दुर्गच्या एका फोटो स्टुडिओतून त्यांनी ब्रोमाइड पेपरचं, म्हणजे फोटो छापायच्या कागदाचं, पाकीट आणि धुण्याचं औषध आणलं. हा कागदही लाल उजेडाला आंधळा असतो. लाल दिव्याखाली तो उघडा ठेवायचा, लोकांना तो नीट दिसेल, पण कागदाला मात्र आपल्यावर दिवा लागलाय हे कळणार नाही. धुतला तरी पांढराच राहील. खोल समुद्रात एक मासा आहे, डोळ्याखाली लाल दिवा बाळगणारा, त्याची सगळी युक्ती हीच.

प्लांटातला दिवा आणणं सोपं होतं, पण या माणसानं गेटबाहेर कधी टाचणी नेली नव्हती. त्यांनी डालड्याच्या डब्यात झिरोचा बल्ब बसवला, तोंडावर गर्द लाल काचेचे दोन तुकडे एकावर एक लावले आणि घरच्या न्हाणीत तीनदा कागद धुऊन बघितला. तिन्ही वेळा पांढरा.

रविवारी दुपारपासून मंडळाच्या हॉलच्या खिडक्यांना काळे कागद चिकटवून वरून गोधड्या लावल्या. प्रश्न आला तो समईचा. गणपतीपुढची समई दहा दिवस विझवता येत नाही. मारोतराव मखराकडे बघून म्हणाले, "आड सतरंजी लावा दुहेरी. देव काही रुसत नाही. फक्त समई संभाळा." लाइटचं काम नेहमीप्रमाणे देवाजीकडे होतं. देवाजी मेल्टिंग शॉपमध्ये क्रेन चालवायचे आणि मंडळाच्या तोरणांपासून माइकपर्यंत सगळी वायर त्यांच्या हातची. निखाड्यांनी डबा त्यांच्या हवाली केला आणि मी सांगेन तेव्हा लावा, एवढंच सांगितलं.

चार वाजता ट्यूबलाइटच्या लख्ख उजेडात निखाडे उभे राहिले. माइकमुळे हातातल्या पानांची सळसळ सगळ्या हॉलला ऐकू येत होती. "प्रकाशाच्या अभावी मत्स्यांच्या" इथपर्यंत आवाज आला, मग तो खाली खाली गेला. प्लांटच्या नोटीस बोर्डावरचं वाचावं तसं ते वाचत होते. तिसऱ्या पानाला बायकांच्या बाजूनं कुजबुज सुरू झाली, पाचव्या पानाला मागची दोन माणसं तंबाखू मळायला बाहेर गेली. निखाड्यांनी एकदाच डोळे वर केले. विजयाबाई दुसऱ्या रांगेत, पदर बोटाला गुंडाळत जमिनीकडे बघत बसल्या होत्या. ते बघून त्यांनी सहा पानं एकदम उलटली आणि म्हणाले, "आता प्रयोग."

ट्यूबलाइट गेले. निखाड्यांनी पाकिटातून एक कागद काढून टेबलावर ठेवला आणि देवाजींना हाक दिली. लाल दिवा लागला. उजेड फार होता. त्यांनी वर पाहिलं तर डालड्याचा डबा गायब, आणि तिथे प्रवेशद्वाराच्या कमानीवरचा लाल रंग फासलेला मोठा बल्ब. असल्या बल्बाचा रंग नुसता वरवरचा, त्यातून पांढरा उजेड गळतच असतो.

देवाजी खुशीत पुढे आले. "निखाडेभाऊ, तुमचा दिवा लई बारीक होता. मांगच्या लोकाले काही दिसलं नसतं. मी मोठा लावून देला."

कुणीतरी 'वा देवाजी' म्हटलं. निखाड्यांना दुसरं काही सुचेना, म्हणून त्यांनी टेबलावरचा कागद औषधाच्या थाळीत सोडला. बघता बघता कागद करडा झाला, मग काळाकुट्ट. पांढऱ्याचं काळं झालेलं बघून लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हाच प्रयोग. विजयाबाईंनीही मान वर करून टाळ्या वाजवल्या.

इथे निखाडे गप्प बसले असते तर सगळं निभावलं असतं. नमस्कार, आभार, प्रसाद, घर. फळ्यावर नाव लागलंच होतं आणि बायकोची मानही वर होती. पण फिल्म खराब झाली असताना चांगली म्हणून सही करणं हे त्यांच्या हातून एकवीस वर्षांत झालं नव्हतं, ते आज कसं होणार?

"चुकलं," ते म्हणाले. "हा कागद पांढरा राहाले पाहिजे होता. दिवा बारीक कावून लागते, हे मी देवाजीले सांगतलंच नाही. माझी चूक आहे. दहा मिनिटं देता का? मी परत करतो."

मारोतराव म्हणाले, "करा, करा."

"मग तो बल्ब काढा देवाजी. सगळा अंधार करा. कोणी हलू नका. डोळ्याले वेळ द्या."

बल्ब गेला आणि हॉलमध्ये असा अंधार पडला की बाजूच्याचा श्वास ऐकू यायला लागला. एका बाईच्या बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. निखाड्यांनी हातानं चाचपत कोपऱ्यातला डबा शोधला, काच पुसली, वायरचं टोक धरलं. हे सगळं त्यांच्या बोटांना पाठ होतं. आणि वायर जोडता जोडता, आपण काय करतोय हे लक्षात यायच्या आधीच, ते बोलायला लागले.

"तुमाले आता काही दिसत नाही. मले बी नाही. समुद्रात हजार मीटर खाली गेलं की असंच आहे. वरून येणारा उजेड पाणी पिऊन टाकते. लाल पयले जाते, मग पिवळा, हिरवा. शेवटपर्यंत टिकते तो निळा, तो बी थोडा. अशा जागी डोळे ठेवायचे त कसे ठेवायचे? मोठे. बाहुली मोठी, भिंग मोठं. जेवढा उजेड येईल तेवढा आत घ्यायचा. आपल्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी वेगळ्या आणि अंधारात पाहाच्या वेगळ्या. तिथल्या माशानं रंगवाल्या काढूनच टाकल्या. त्याले काय साडी घ्यायची आहे?"

बायकांच्या बाजूनं हसू आलं. कोण हसतंय ते दिसत नव्हतं आणि निखाडेही कुणाला दिसत नव्हते.

"अंधारातल्या पेशी त्यानं थरावर थर रचल्या. एका थरातून निसटला उजेड त खालचा धरते. काही माशांच्या डोळ्याच्या मांगं आरसा असते, मांजरीच्या असते तसा. उजेड आत गेला, वाया नाही गेला, परत फिरून आला. आणि थोडं वर राहणाऱ्या एकाचे डोळे डोक्यावर, नळीवाणी, सरळ वरती. कावून? त वरून जो थोडा निळा उजेड येते, त्याच्यात कोणी जाऊन राहिला असेल त त्याची सावली दिसली पाहिजे. आपले देवाजी क्रेनवर बसून दिवसभर खाली पाहतात. हा खाली राहून जिंदगीभर वर पाहते."

अंधारातून देवाजींचा आवाज आला. "पण भाऊ, मी खाली पाहून राहिलो असलो त बाजूनं कोण आलं मले समजत नाही. त्याचं कसं होते?"

"बरोबर विचारलं. त्याचं बी तेच होते. म्हणून काहींच्या नळीच्या बाजूले एक लहान खिडकी असते. तिच्यातून साफ दिसत नाही, पण काही हाललं एवढं समजते."

"क्रेनले बी पाहिजे होती," देवाजी म्हणाले, आणि सगळा हॉल हसला.

मग मारोतरावांनी विचारलं की त्याच्याही खाली गेलं तर. निखाड्यांनी सांगितलं की फार खाली काहींचे डोळे लहान लहान होत जातात, पण तरी सगळे विझत नाहीत, कारण तिथले प्राणी स्वतःच्याच अंगातून उजेड पाडतात, आणि तो ठिपका दिसला पाहिजे. कुणीतरी विचारलं, तुम्ही हे पाहिलं कुठं? "नाही पाहिलं," निखाडे म्हणाले, "वाचलं. पण मी रोज थोडा थोडा तिथंच राहतो."

दहा मिनिटं कधीच होऊन गेली होती. त्यांनी डब्याचा दिवा लावला. मघा कुणाला काही दिसलं नसतं असा तो उजेड, आणि आता त्यात मागच्या भिंतीपर्यंतचे चेहरे दिसत होते. लोक एकमेकांकडे बघून चकित झाले. निखाड्यांनी नवीन कागद त्या उजेडात धरला. "आपण सगळे त्याले पाहून राहिलो. तिथं एक मासा आहे, डोळ्याखाली लाल दिवा असणारा. आपण म्हणजे तो. बाकीच्याले लाल दिसत नाही, याले दिसते. हा कागद म्हणजे त्याचं जेवण. त्याच्या मनानं अजून अंधारच आहे." त्यांनी कागद थाळीत सोडला. मान लांब करकरून सगळे बघत होते. कागद पांढरा तो पांढराच राहिला, आणि या खेपेला टाळ्या कशासाठी वाजवायच्या ते लोकांना ठाऊक होतं.

निखाडे थांबायला तयार नव्हते. "आता लपणारे बी कमी नाहीत," ते म्हणाले. "एक मासा आहे, तो पोटाखाली बारीक बारीक दिवे लावते, वरच्या निळ्या उजेडाएवढेच. मग खालून पाहणाऱ्याले त्याची सावलीच दिसत नाही. झाला गायब. पण त्याले बी एक भेटते. त्याच्या डोळ्याचं भिंग असते पिवळं."

मारोतराव खाकरले. आरतीची वेळ होत आली होती. आभार मानायला ते उठले आणि सवयीनं भिंतीवरच्या बटणाकडे हात गेला.

"थांबा भाऊजी," दुसऱ्या रांगेतून विजयाबाई म्हणाल्या. "लाइट नका लावू. यांचं झालं नाही अजून."

मारोतरावांचा हात तसाच राहिला. ते बसले. तंबाखू मळायला गेलेले दोघं पहिल्या टाळ्यांनाच परत येऊन दाराशी उभे होते, तेही खाली बसले. निखाडे मात्र गोंधळले. बायकोचा आवाज भर सभेत आला आणि त्यांचा धागाच सुटला.

"कुठं होतो मी?" त्यांनी विचारलं.

"पिवळ्या भिंगाच्या माशापाशी," विजयाबाईंनी लगेच सांगितलं. "त्याले लपलेला कसा दिसते, ते सांगत होते तुम्ही. सांगा नं."

निखाड्यांनी थाळी बाजूला सरकवली, टेबलाच्या कडेवर बसले, आणि दुसऱ्या रांगेकडे तोंड करून सांगायला लागले.